माळवाडी ते शेळेवाडी, मार्गे लंडन

मी ३४ वर्षं एसटीत काढली. त्यातली शेवटची १९ कंट्रोलरच्या खिडकीत. खिडकीच्या आत मी आणि बाहेर सगळा सातारा जिल्हा. बाहेरून एकच प्रश्न यायचा, "साहेब, गाडी कधी लागणार?" आणि आतून एकच उत्तर जायचं, "लागंल." हे उत्तर मान वर न करता द्यायचं असतं. मान वर केली की प्रवाशाला आशा वाटते, आणि आशा वाटली की तो आणखी तीन प्रश्न विचारतो. या पापाची फेड कधीतरी होणार याची कल्पना होती. ती लंडनला होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

झालं असं, की आमची लेक बेलफास्टला असते आणि तिचं पहिलं बाळंतपण होतं. बेलफास्ट आयर्लंडच्या बेटावर असलं तरी राज्य ब्रिटनचं, म्हणून व्हिसाही ब्रिटनचाच. तो मिळाला. आम्हा दोघांनीही तोवर विमान फक्त खालून पाहिलेलं. तिकिटं पुण्याच्या चिरंजीवांनी काढली आणि वर सांगितलं, "बाबा, अकरा हजार चारशे वाचवले." कसे वाचवले, हे बापानं विचारायचं नसतं. ते आपोआप कळतं. मला निघायच्या चार दिवस आधी कळलं.

"बाबा, लंडनला फक्त विमान बदलायचंय."

"बदलू की."

"म्हणजे, विमानतळपण बदलायचाय."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग मी म्हणालो, "म्हणजे स्वारगेटला उतरायचं आणि शिवाजीनगरहून पकडायचं."

"अगदी बरोबर!" चिरंजीव खूश. बाप अडाणी नाही याचा आनंद मुलांना उतारवयातच होतो. आमच्या उतारवयात.

पुण्यात उतरलेल्या प्रत्येक सातारकराला हे दुःख माहीत आहे. साताऱ्याची गाडी तुम्हाला स्वारगेटला सोडते, नाशिकची गाडी शिवाजीनगरहून सुटते, आणि मधलं पुणं ज्याचं त्यानं पार करायचं असतं. त्यात मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं स्टँड वाकडेवाडीला हललं, पण नाव शिवाजीनगरच राहिलं. लंडनचंही तेच. नावात 'लंडन' लावणारे मुख्य विमानतळ सहा आहेत: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी आणि साउथएंड. यातलं गॅटविक लंडनच्या मध्यापासून ४५ किलोमीटरवर, वेस्ट ससेक्स नावाच्या वेगळ्याच जिल्ह्यात आहे. आपल्याकडं शिरवळच्या माळावरचा प्लॉट जाहिरातीत 'पुण्याला लागून' असतो, त्यातलाच प्रकार. आम्ही हीथ्रोला उतरणार होतो आणि पुढचं विमान गॅटविकहून होतं. मधलं अंतर रस्त्यानं ७० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे स्वारगेटला उतरवायचं आणि सांगायचं, पुढची गाडी खंबाटकीच्या घाटातून सुटेल.

"आणि पहिलं विमान लेट झालं तर?"

"तिकिटं वेगवेगळी आहेत बाबा. दुसऱ्या विमानाचा पहिल्याशी संबंध नाही. म्हणून तर स्वस्त पडलं."

यावर बोलायला मला तोंड नव्हतं. कोल्हापूरची गाडी उशिरा येतेय म्हणून मीही नाशिकची गाडी कधी थांबवली नव्हती.

लेकीनं रेल्वेचा मार्ग सुचवला होता. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइननं फॅरिंगडनला जायचं, तिथं गाडी बदलून थेम्सलिंकनं थेट गॅटविक. मी नम्रपणे नकार दिला. रेल्वे हे वेगळं खातं आहे, आणि ३४ वर्षं ज्या खात्याशी स्पर्धा केली त्याच्या आसऱ्याला परदेशात का जायचं? बस असेल तर बसनंच.

सामान चार डाग. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, खारीक, सुंठ. बाळासाठी कुंची, दुपटी, आंगडी-टोपडी आणि आजीच्या लुगड्याची गोधडी. ब्रिटनमध्ये आपल्याकडचं दूध-तूप नेता येत नाही, असं लेकीनं बजावलं होतं. म्हणून तुपाचा डबा ऐनवेळी मागं राहिला. लाडवांबद्दल मी शंका काढली तेव्हा ही म्हणाली, "तूप नेऊ नका म्हणालेत. तुपात भाजलेलं नेऊ नका असं म्हणालेत का?" ३४ वर्षं परिपत्रकं वाचूनही मला कलमाचा असा अर्थ लावता आला नसता. पुढं लेकीनं नियम तपासला, तर तो जवळजवळ तसाच निघाला.

मुंबई ते लंडन प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चालक दाराआड, वाहक दहा-बारा, आणि सगळे हसतमुख. एका गाडीवर इतके वाहक देणाऱ्या खात्याबद्दल मला आदर वाटला. फक्त डबल बेल कुणीच दिली नाही, तरी विमान सुटलं, हे मनाला लागलं.

हीथ्रोला सकाळी सातला उतरलो. रांग नागमोडी होती. आषाढी एकादशीला पंढरपुरात असते तशी, फक्त टाळ-मृदंग नाहीत, म्हणून लांब वाटते. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं येण्याचं कारण विचारलं. 'बाळंतपण' याला चिरंजीवांनी शिकवलेला शब्द मी ठणकावून सांगितला, "डिलिव्हरी!"

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पासष्टीच्या हिच्याकडं पाहिलं, आणि सावधपणे विचारलं, की तुम्ही नेमकं काय पोचवायला आला आहात?

मी म्हणालो, "नो, नो. वी टेक डिलिव्हरी."

यानं गोंधळ वाढला. शेवटी हिनं पुढं होऊन, दोन्ही हात एकमेकांत धरून हवेतलं बाळ झुलवून दाखवलं आणि "डॉटर, बेलफास्ट" म्हणाली. तो मनापासून हसला आणि त्यानं शिक्का मारला. इंग्रजी शाळेत मी गेलो होतो, ही नाही.

सामान घेऊन बाहेर आलो आणि पाट्या बघत, भुयारातून चालत बसस्थानकावर पोचलो. दोन आणि तीन नंबरच्या टर्मिनलांच्या मधोमध चक्क एक स्टँड आहे. फलाट, फलाटांना नंबर, वेळापत्रक, बाकडी, बाकड्यांवर डोक्याखाली पिशवी घेऊन झोपलेली माणसं. माझ्या छातीतली धडधड तिथं पहिल्यांदा थांबली. जगात कुठंही जा, स्टँडवर झोपलेला माणूस एकाच पद्धतीनं झोपतो. एक हात सामानावर आणि अर्धा डोळा फलाटाकडं.

चौकशी खिडकीत एक बाई होत्या. मी तोच प्रश्न विचारला, जो मला ३४ वर्षांत काही लाख वेळा विचारला गेला होता. बाईंनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. वेळ सांगितली, फलाट सांगितला, कागदावर लिहून दिला आणि वर "प्रवास सुखाचा होवो" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. मी बाकड्यावर येऊन बसलो. दहा मिनिटांनी पुन्हा गेलो. पुन्हा मान वर, पुन्हा तेच हसू. एकूण चार वेळा गेलो. चौथ्या वेळी मला वेळ विचारायची नव्हती. ही बाई कधी तरी "लागंल" म्हणते का, ते बघायचं होतं. नाही म्हणाली. मला साताऱ्याची माझी खिडकी आठवली आणि फार ओशाळल्यासारखं झालं.

गाडी वेळेवर लागली. चालक खाली उतरला आणि मला म्हणाला, "ऑल राइट?" एवढ्या आपुलकीनं कोणी विचारलं तर खोटं कसं बोलायचं? मी त्याला डावा गुडघा, रात्रीची झोप आणि विमानातलं जेवण याविषयी सविस्तर सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं. तो त्यांचा रामराम आहे आणि रामरामाला रामरामच घालायचा असतो, हे मला लेकीनं पुढं समजावलं.

मग त्या माणसानं आमचे चारही डाग स्वतः उचलून गाडीच्या पोटात ठेवले. चालकानं! आमच्याकडं हे सुचवलं असतं तर संघटनेनं डेपो बंद पाडला असता. तिकीटही त्यानंच तपासलं. वाहक नाहीच. विनावाहक गाड्या आमच्याकडंही आहेत, पण तिथं सुटण्यापूर्वी दाराशी उभं राहून कुणीतरी तिकीट फाडतं. इथं एकच माणूस हमाल, वाहक आणि चालक. पगार किती घेतो, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यानं हिला हात देऊन पायरीवर चढवलं आणि म्हणाला, "देअर यू गो, माय लव्ह."

ही जागच्या जागी थांबली. "काय म्हणाला तो?"

मी क्षणभर विचार केला. "मावशी म्हणाला. जपून चढा म्हणाला."

"माणूस चांगला आहे," ही म्हणाली आणि त्याला पिशवीतला एक लाडू दिला.

पट्टा बांधून बसलो. गाडी एम-२५ नावाच्या रस्त्याला लागली. हा लंडनभोवतीचा रिंगरोड. १८८ किलोमीटरचा. १९८६ च्या ऑक्टोबरात मार्गारेट थॅचर यांनी त्याचा शेवटचा टप्पा खुला केला. लंडनची वाहतूक शहराबाहेरून निघून जावी म्हणून तो बांधला. ती अजून निघून चालली आहे. आमच्या पुढं तीन-चार रांगांत हजारो गाड्या आणि कोणीही हॉर्न वाजवत नाही. वाहतूक तुंबली आहे हे कळायलाच मला वेळ लागला. हॉर्न नाही म्हणजे रस्ता मोकळा, असा माझा आयुष्यभराचा हिशेब.

अर्धा तास तिथंच. हिनं हातातलं एचएमटी पाहिलं आणि कीर्तनात बुवा निरूपण संपवतात तशा शांत आवाजात म्हणाली, "विमान गेलं."

"कशावरून?"

"एक वीसचं विमान. आता तीन वीस झाले."

मीही पाहिलं. खरंच तीन वीस. पोटात गोळा आला. अकरा हजार चारशे डोळ्यांपुढं नाचायला लागले. चिरंजीवांना काय काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव झाली, पहिली दोन वाक्यं तर तयारही झाली. ही तोवर लाडवांचा डबा उघडून बसलेली. संकटात माणसानं उपाशी राहू नये, ही माहेरची शिकवण. दुसरा लाडू निम्मा झाल्यावर माझं लक्ष गाडीतल्या घड्याळाकडं गेलं. तिथं दहा पन्नास झाले होते. आमची दोन्ही घड्याळं अजून साताऱ्यात होती. साडेचार तासांचा फरक.

"अगं, अजून दहा पन्नासच झालेत."

"मग हे लाडू आधी सांगितलं असतंत तर वाचले असते," ही म्हणाली.

या रस्त्यामागं एक गोष्ट आहे. १९७८ पासून या दोन विमानतळांमध्ये चक्क हेलिकॉप्टर धावायचं. पंधरा मिनिटांत माळरानावरून अलगद इकडून तिकडं. आजूबाजूचे रहिवासी आवाजानं हैराण व्हायचे. मग दोन्ही विमानतळांना जोडणारा रस्ता झाला आणि १९८६ मध्ये हेलिकॉप्टर बंद पडलं. विमानानं आलेला माणूस बसमध्ये बसवला गेला. हवेतल्या प्रवाशाला रस्त्यावर आणल्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. एसटीवाला म्हणून मला त्याचा अभिमान वाटला.

हे सगळं त्या दिवशी कुठलं ठाऊक असायला! नंतर तीन महिने बेलफास्टला बाळ झोपलं की घरात बोलायची बंदी होती आणि बाहेर पाऊस. वाचण्याशिवाय उद्योगच नव्हता. तेव्हाच कळलं, की हीथ्रो आपल्या एसटीपेक्षा दोनच वर्षांनी मोठं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली, हीथ्रो १९४६ ला सुरू झालं. सुरुवातीला तिथं इमारतही नव्हती. लष्कराचे जुने तंबू ठोकले होते आणि प्रवासी त्यात बसायचे. म्हणजे मांडवच. त्याआधी तिथं हीथ रो नावाची वस्ती होती. हीथ म्हणजे माळ, रो म्हणजे ओळ. माळाच्या कडेला ओळीनं घरं. आपल्याकडं याला माळवाडी म्हणतात. १९४४ मध्ये ती वस्ती विमानतळासाठी पाडली.

गॅटविकचं नाव तर त्याहून भारी. १२४१ सालच्या कागदात ते सापडतं आणि त्याचा अर्थ शेळ्यांचा वाडा. म्हणजे शेळेवाडी. पुढं शेळ्यांच्या जागी घोडे आले. १८९१ पासून तिथं रेसकोर्स होतं. पहिल्या महायुद्धात लिव्हरपूलजवळची मोठी शर्यत बंद पडली तेव्हा तीन वर्षं तशी शर्यत गॅटविकलाच भरवली. मग घोडे जाऊन विमानं आली आणि १९५८ मध्ये राणीच्या हस्ते आजच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. आज एका वेळी एकच धावपट्टी वापरून इतकी विमानं हाताळणाऱ्यांत गॅटविक आणि आपली मुंबई यांची नावं जोडीनं घेतली जातात.

हे आधी माहीत असतं तर मी इतका घाबरलो नसतो. हीथ्रो ते गॅटविक म्हटलं की पोटात कालवतं. माळवाडीहून शेळेवाडीला जायचंय म्हटलं असतं, तर मी पानाला चुना लावून निवांत बसलो असतो.

शेळेवाडीत टर्मिनल दोन, दक्षिण आणि उत्तर. चालकानं "साउथ" अशी हाक दिली आणि मी सवयीनं सगळ्यांच्या आधी उतरलो. आमचं विमान उत्तरेहून होतं. ही काहीच बोलली नाही. ती फक्त चार डागांकडं बघत राहिली, ते जास्त बोचलं. दोन टर्मिनलांच्या मध्ये एक छोटी फुकट गाडी धावते. आत शिरलो, दारं मिटली, आणि मी चालकाची केबिन शोधायला लागलो. केबिनच नाही. गाडी आपली आपण निघाली. विमानात वाहक दहा, बसमध्ये वाहक शून्य, आणि इथं तर चालकही नाही. जगाची प्रगती कुठल्या दिशेला चालली आहे, ते माझ्या लक्षात आलं आणि मी वेळेवर निवृत्त झालो याचं समाधान वाटलं.

पुढच्या विमानाच्या काउंटरवर सामान वजनाला लावलं. मुंबईच्या विमानात माणशी मिळालेलं वजन इथं चालत नव्हतं. इथं माणशी १५ किलोचंच तिकीट होतं, आमचा प्रत्येकी डाग २३ चा. जादा किलोमागं पौंड. हिनं भांडायला पदर खोचला, पण मी थांबवलं. पोत्याचं लगेज काढा म्हणून मी स्वतः किती बाजारकरी बायांना गाडीतून खाली उतरवलं होतं! त्यातली एक म्हणाली होती, "तुमचंबी कुणीतरी पोतं मोजंल." पैसे दिले. बसचं भाडं, चहा आणि हे लगेज मिळवून हिशेब केला. चिरंजीवांनी वाचवलेल्या अकरा हजार चारशेंपैकी आमच्याकडं काहीच उरलं नव्हतं, उलट आमचेच थोडे गेले होते. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. परवा फोनवर तो म्हणत होता, की २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आता पुढच्या वेळी उतरायचं एका मुंबईत आणि पकडायचं दुसऱ्या मुंबईत, असं स्वस्तात जमवता येईल. मी "बघू" म्हणालो. "बघू" हा "लागंल"चाच धाकटा भाऊ.

बेलफास्टला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. सामान आलं, चारही डाग आले, बाहेर आलो. जावई दिसेनात. पाचेक मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, पोचलात? मी दारातच उभा आहे."

"आम्हीही दारातच आहोत."

"दिसत नाही तुम्ही."

"तुम्हीही नाही."

थोडा वेळ दोघंही आपापल्या दारात हात हलवत राहिलो. मग पलीकडून फार हळू आवाजात प्रश्न आला, "बाबा... तुमच्या तिथं जॉर्ज बेस्ट असं नाव लिहिलंय का?"

मी वर पाहिलं. नव्हतं. बेलफास्ट इंटरनॅशनल असं होतं.

बेलफास्टलाही दोन विमानतळ आहेत. एक शहरात, तिथल्या लाडक्या फुटबॉलपटूच्या नावाचा. दुसरा शहराबाहेर तीसेक किलोमीटरवर, शेतांत. लंडनहून येणारे पाहुणे नेहमी पहिल्यावर उतरतात म्हणून जावई तिथं गेले होते. आम्हाला चिरंजीवांनी दुसऱ्यावर पाठवलं होतं. तोच स्वस्त होता.

जावई फार घाबरले. "बाबा, तुम्ही हलू नका, मी आत्ता निघतो, तुम्ही अजिबात काळजी..."

"तुम्हीच काळजी करू नका," मी म्हणालो. माझ्या आवाजात कंट्रोलर परत आला होता. "शहरातल्या स्टँडवर येऊन थांबा. आम्ही बसनं येतो."

मागं वळलो तर ही सामानाची ट्रॉली घेऊन बसथांब्यावर पोचलीसुद्धा होती. बस उभी होती, दार बंद. शेजारी खात्याचा कोट घातलेला एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होता. मी जवळ जाऊन विचारलं, बस कधी सुटणार?

पेपरातून मान वर न करता तो म्हणाला, "सून."

हिनं कपाळाला आठ्या घातल्या. "सून? आपण लेकीकडं आलोय."

"लागंल म्हणतोय," मी म्हणालो आणि डोक्याखाली गोधडीची पिशवी घेऊन बाकड्यावर आडवा झालो. "झोप तूही थोडी. आपल्या खात्यातला माणूस आहे."